व्हेंडर फोल्डरमधली नावं पुसली गेली, आता रेपोच काढून टाकू का?

पत्र थोडक्यात असं:

पत्र लिहिणारा मूळचा लातूरचा, सध्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी त्याने मराठी शुद्धलेखन तपासणारं एक छोटं डेस्कटॉप अ‍ॅप बनवलं, कोड गिटहब या कोड वाटायच्या वेबसाइटवर टाकला (तिथल्या प्रोजेक्टच्या जागेला रेपो म्हणतात) आणि त्याला एमआयटी नावाचं मोकळं लायसन्स लावलं. आत बाहेरच्या दहा-बारा लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड आहेत, त्या त्याने 'व्हेंडर' फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवल्या आणि फाइली हलक्या व्हाव्यात म्हणून वरचे कॉपीराइटचे कमेंट उडवले. रीडमीत, म्हणजे रेपोची ओळख सांगणाऱ्या फाइलीत, सगळ्यांचे आभार आणि लिंका आहेत. शब्दयादी जीपीएलवाली होती (हे लायसन्स म्हणतं, यात मिसळून जे वाटाल तेही याच लायसन्सखाली द्या), ती त्याने जावास्क्रिप्टच्या फाइलीत रूपांतर करून कोडातच घातली. एका लायब्ररीला तर कुठलंच लायसन्स नाही. गेल्या महिन्यात एका अनोळखी माणसाने रेपोवर इश्यू, म्हणजे जाहीर तक्रार, उघडून लिहिलं की हे लायसन्सचं सरळसरळ उल्लंघन आहे. त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या एका प्रकाशकाने ऑफिसात हे अ‍ॅप वापरू का असं विचारलं. तो विचारतोय: 'मी एक रुपया कमवत नाही, आभारही मानलेत, तरी मी चोर ठरतो का? केस होईल का? रेपो डिलीट करून मोकळा होऊ? मित्र म्हणतो सगळ्याला जीपीएल लाव, विषय संपला. खरंय का?'

तू पत्रात मला ताई म्हणालास म्हणून मीही अरे-तुरेच करते.

आधी एक सांगते, रेपो डिलीट करू नकोस. मला कळतंय ते बटण दाबावंसं का वाटतंय, पण ज्या कॉप्या लोकांच्या मशीनवर गेल्यात त्या काही त्याने परत येणार नाहीत, आणि पुसलेली नावंही परत लागणार नाहीत. शिवाय मराठीत अशी अवजारं आधीच किती कमी आहेत, दोन वर्षांची मेहनत एका इश्यूपायी मातीत घालायची का? आज रात्री फक्त एवढंच कर की रिलीजच्या पानावरचे जुने इन्स्टॉलर काढून टाक. म्हणजे चुकीच्या कॉप्या पुढे जायच्या थांबतील. बाकीचं काम दोन शनिवार-रविवारांत होईल, त्यापेक्षा जास्त नाही.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. 'मी एक रुपया कमवत नाही.' हे वाक्य मला दर दोन महिन्यांनी कोणत्या ना कोणत्या पत्रात भेटतं आणि दरवेळी लिहिणारा अगदी प्रामाणिक असतो, तूही आहेस. पण कॉपीराइटमध्ये पहिला प्रश्न तू किती कमावलंस हा नसतोच, दुसऱ्याचं लिखाण तू कॉपी करून पुढे वाटलंस का आणि वाटायची परवानगी होती का, एवढाच असतो. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कम्प्युटर प्रोग्रॅम हे साहित्यकृतीतच धरलेत, म्हणजे कवितेला जे संरक्षण तेच तुझ्या व्हेंडर फोल्डरमधल्या फाइलीला, आणि कलम ५७ मध्ये तर 'हे मी लिहिलंय' असं सांगायचा लेखकाचा हक्क वेगळा लिहिलाय. ओपन सोर्स लायसन्स म्हणजे त्या लेखकाने आधीच देऊन ठेवलेली परवानगी, काही अटींवर. एमआयटीची अट एकच, कॉपीराइटची ओळ आणि हा परवानगीचा मजकूर प्रत्येक कॉपीसोबत राहू दे. बस. विकायचं असेल तर विक, बदलायचं असेल तर बदल, फक्त ते चार परिच्छेद सोबत ठेव. आणि तू नेमके तेच काढलेस.

अभंग कुणीही म्हणावा, कुठल्याही चालीत म्हणावा, देवळात म्हणावा नाहीतर एसटीत, कोणी पैसे मागत नाही. पण शेवटच्या चरणातली नाममुद्रा गाळून अभंग म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. फाइलीच्या डोक्यावरची ती कॉपीराइटची ओळ म्हणजे त्या प्रोग्रॅमरची नाममुद्रा आहे रे. ज्याने रात्री जागून ते लिहिलं त्याला त्या ओळीपलीकडे बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. मला हा विषय लागतो तो यामुळेच, कायद्यापेक्षाही जास्त.

चोर म्हणशील तर नाही, तू निष्काळजी होतास आणि आता विचारतोयस. पण 'केस होईल का' याचं उत्तर देताना मी उगाच 'छे काही होत नाही' असंही म्हणणार नाही. अमेरिकेत एक प्रसिद्ध प्रकरण झालंय, खेळण्यातल्या रेल्वे चालवायच्या जेएमआरआय नावाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं. एका कंपनीने त्यातल्या फाइली आपल्या प्रॉडक्टमध्ये घेतल्या आणि लेखकांची नावं, कॉपीराइटच्या नोटिसा, मूळ कुठून घेतलं आणि काय बदललं ते, सगळं गाळलं. खालच्या कोर्टाने आधी हा फार तर कराराचा भंग आहे असं धरलं होतं, पण २००८ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट अपील कोर्टाने सांगितलं की लायसन्स फुकटचं असलं तरी त्यातल्या अटी या अटीच आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होतो. पुढे त्यात तडजोड झाली. तो निकाल आपल्या कोर्टांना बांधील नाही, आणि हौसेच्या प्रोजेक्टवाल्याला सहसा कोणी उठून कोर्टात खेचत नाही, बहुतेक लोकांना फक्त दुरुस्ती हवी असते. तुझ्या इश्यूवाल्या माणसालाही तीच हवीय असं मला तरी वाचून वाटलं, शब्द कडक होते हे खरं.

आता रीडमीमधले आभार. ते चांगलेच आहेत, ठेव, पण त्याने अट पुरी होत नाही. लायसन्स म्हणतं हा मजकूर सोबत असू दे, आणि तू दिलीस लिंक. लिंक उद्या मरते, रेपोचं नाव बदलतं, आणि मुख्य म्हणजे तुझा इन्स्टॉलर जो उतरवतो त्याच्याकडे रीडमी पोचतच नाही. एमआयटीसारख्याच बीएसडी लायसन्समध्ये तर स्पष्ट लिहिलेलं असतं की बायनरी, म्हणजे तयार चालणारा प्रोग्रॅम, वाटत असाल तर नोटीस डॉक्युमेंटेशनमध्ये किंवा सोबतच्या साहित्यात छापा. आणि साइजचं म्हणशील तर एमआयटीचा पूर्ण मजकूर जेमतेम एक किलोबाइटचा आहे. बारा लायब्रऱ्यांचे बारा किलोबाइट धर. तुझं अ‍ॅप इलेक्ट्रॉनवर आहे, म्हणजे आत अख्खा क्रोमियम ब्राउझर, नुसता सांगाडाच कित्येक एमबींचा, त्यात हे बारा केबी वाचवून काय मिळालं? जाता जाता, इलेक्ट्रॉनच्या पॅकेजात क्रोमियमच्या लायसन्सेसची एक भली मोठी एचटीएमएल फाइल येते, ती तुझ्या बिल्ड स्क्रिप्टने उडवलेली नाही ना हेही बघून घे, हलकं करायच्या नादात ती पण जाते बऱ्याच जणांची.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण बाकीच्या वाचकांचाही इथेच घोळ होतो. तुझ्या पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, एखाद्या लायब्ररीचं नुसतं नाव असेल आणि वापरणारा ती स्वतः एनपीएम या लायब्रऱ्यांच्या कोठारातून उतरवत असेल, तर त्या लायब्ररीची कॉपी तू वाटत नाहीयेस, एनपीएम वाटतंय. पण तीच लायब्ररी तू व्हेंडरमध्ये टाकून कमिट केलीस की तू वाटणारा झालास. आणि व्हेंडर फोल्डर नसलं तरी ज्या क्षणी इन्स्टॉलर बनवतोस त्या क्षणी नोड मॉड्यूल्समधलं (उतरवलेल्या लायब्रऱ्यांचं फोल्डर) जे जे आत शिरलं ते सगळं तू वाटतोयस, ज्या लायब्रऱ्या तू कधी नावाने ओळखत पण नाहीस त्याही. वेबसाइटचंही तसंच, बंडल केलेली जेएस फाइल ब्राउझरला दिली म्हणजे कॉपीच दिली. म्हणून 'आम्ही व्हेंडर करत नाही' म्हणणाऱ्यांनीही खुशीत राहू नये.

दुसरं, तुझं एमआयटी लायसन्स फक्त तू लिहिलेल्या ओळींना लागतं. मुळाशी असलेल्या लायसन्स फाइलमध्ये तुझं नाव आणि खाली व्हेंडरमध्ये बारा जणांचं काम, नावं नसलेलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार सगळं तुझंच. इश्यूवाला त्याचमुळे चिडला असेल.

तर आता दुरुस्ती. उडवलेल्या नोटिसा परत आणायला आठवणीवर जाऊ नकोस. तुझ्याच गिटच्या इतिहासात पहिल्या कमिटला मूळ फाइल असेल तर तिथून घे, नाहीतर मूळ रेपोत जाऊन तू वापरलेल्या नेमक्या व्हर्जनचा टॅग शोध आणि तिथली लायसन्स फाइल जशीच्या तशी घे, वर्षं आणि नावं न बदलता. प्रत्येक लायब्ररीचं वेगळं फोल्डर, त्यात तिचं लायसन्स, आणि एका छोट्या टेक्स्ट फाइलीत कुठून घेतलं, कोणतं व्हर्जन, काही बदललं का. मग सगळ्यांची लायसन्स एकत्र केलेली एक फाइल बनव, ती इन्स्टॉलरमध्ये जाऊ दे आणि अ‍ॅपमध्ये 'माहिती'च्या खिडकीत एक बटण दे ज्याने ती उघडेल. मिनिफाय करताना, म्हणजे कोड आवळून छोटा करताना, वेबपॅक हे टूल वापरत असशील तर त्यातला टर्सर प्लगइन लायसन्सचे कमेंट वेगळ्या फाइलीत काढून ठेवतो, ती फाइल कचरा समजून फेकू नकोस. जुना इतिहास पुन्हा लिहीत बसायची गरज नाही, नवं व्हर्जन काढ आणि चेंजलॉगमध्ये सरळ लिही की आधीच्या व्हर्जनांत नोटिसा राहिल्या होत्या, आता लावल्यात.

अपाचे २.० या लायसन्सवाली जी लायब्ररी तू स्वतः बदललीयस असं लिहिलंस, तिचं थोडं वेगळं आहे. लायसन्सची प्रत तर द्यायचीच, पण बदललेल्या फाइलीत 'ही मी बदललीय' असं ठळक लिहायचं, आणि मूळ प्रोजेक्टमध्ये नोटीस नावाची फाइल असेल तर तिच्यातली श्रेयाची माहितीही पुढे न्यायची. ही नोटीस फाइल लोक हमखास विसरतात.

आता शब्दयादी. माझ्या मते तुझ्या पत्रातली खरी गाठ ही आहे, आणि तू ती जाता जाता एका वाक्यात लिहिलीस. तुला वाटतंय की यादी म्हणजे डेटा, कोड थोडाच आहे. अगदी असाच प्रसंग मार्च २०२१ मध्ये रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांवर आला होता. माइममॅजिक नावाचं एक छोटंसं जेम (रुबीत लायब्ररीला जेम म्हणतात) होतं, फाइल कोणत्या प्रकारची आहे ते ओळखणारं, लायसन्स एमआयटी. ते मार्सेल नावाच्या दुसऱ्या जेमच्या आत होतं आणि मार्सेल थेट रुबी ऑन रेल्स या वेबसाइट बनवायच्या प्रसिद्ध सांगाड्याच्या आत. पण माइममॅजिकमधली फाइल प्रकारांची माहिती आली होती फ्रीडेस्कटॉप या दुसऱ्या प्रकल्पाच्या एका एक्सएमएल फाइलीतून, आणि ती फाइल जीपीएल. मूळ प्रकल्पाच्या मेंटेनरने, म्हणजे तो सांभाळणाऱ्याने, हे लक्षात आणून दिलं, तेव्हा माइममॅजिकच्या लेखकाने जुनी व्हर्जनं मागे घेतली आणि नवं व्हर्जन जीपीएलखाली काढलं. जगभर कित्येकांचे रेल्सचे बिल्ड पडले, कारण हवं ते व्हर्जन सापडेना. आणि मेंटेनरने काही चुकीचं मागितलं नव्हतं, लेखकही घाईत पण प्रामाणिकपणेच वागला. शेवटी दोन मार्ग निघाले. माइममॅजिकने ती फाइल आपल्यातून काढली, वापरणाऱ्याच्या मशीनवर असेल तिथून वाचायची असं केलं आणि पुन्हा एमआयटीवर आलं. मार्सेलने अपाचे टिका या दुसऱ्या प्रकल्पाचा डेटा घेतला आणि रेल्सने दोन-तीन दिवसांत माइममॅजिकचं अवलंबित्व सोडलं.

तुझ्यापुढेही साधारण हेच रस्ते आहेत. एक, यादी कोडातून बाहेर काढ, तिच्या मूळ स्वरूपात वेगळ्या फाइलीत ठेव, शेजारी तिचं जीपीएल आणि मूळ पत्ता, आणि अ‍ॅपने ती चालताना उघडून वाचावी. वेगळी फाइल सोबत ठेवली म्हणजे बाजूबाजूला ठेवलेल्या दोन कृती, असा युक्तिवाद करता येतो आणि बरेच जण तसं करतातही, पण त्यावर जाणकारांत मतभेद आहेत हे लक्षात ठेव. आत्ता जसं जावास्क्रिप्टच्या फाइलीत गुंफलंयस तसं असताना मात्र तो युक्तिवाद फार लंगडा पडतो. दोन, अ‍ॅपसोबत यादी देऊच नकोस, पहिल्यांदा उघडल्यावर वापरणाऱ्याने मूळ जागेवरून उतरवावी. जरा गैरसोय होते, पण सगळ्यात स्वच्छ. तीन, यादी करणाऱ्यांना मेल लिहून विचार की दुसऱ्या लायसन्सखाली देता का, आणि ज्यांनी ज्यांनी शब्द घातले त्या सगळ्यांची हो पाहिजे, एकाची नाही. चार, तुझा मित्र म्हणतो ते.

मित्राचं पूर्ण चूक नाही. तुझा स्वतःचा कोड तू उद्या जीपीएलखाली देऊ शकतोस, आणि एमआयटी, बीएसडीवाल्या लायब्रऱ्या जीपीएलच्या प्रोजेक्टमध्ये बसतात. पण त्या बसल्या म्हणून त्यांच्या नोटिसा पुसायला मोकळीक मिळत नाही, त्या तशाच ठेवाव्या लागतात, म्हणजे वर सांगितलेलं काम सुटलं नाहीच. शिवाय यादीचं जीपीएल कोणतं? 'व्हर्जन २ किंवा त्यानंतरचं कोणतंही' असं लिहिलेलं असेल तर तू २००७ चं जीपीएल ३ निवडू शकतोस आणि अपाचेवाली लायब्ररी त्यात बसते. पण नुसतं 'व्हर्जन २' असेल तर अपाचे २.० त्याच्याशी जुळत नाही, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंच म्हणणं आहे हे, आणि मग 'सगळ्याला जीपीएल लाव' करून तू एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडशील. म्हणून ते एक वाक्य आधी उघडून वाच. मला विचारशील तर मी पहिला किंवा दुसरा रस्ता घेईन. पण तुला जीपीएल मनापासून पटत असेल, उद्या कोणी तुझं अ‍ॅप बंद डब्यात घालून विकू नये असं वाटत असेल, तर जरूर ते लाव. फक्त अडचणीतून सुटायची पळवाट म्हणून नको.

आणि नोटिसा नव्हत्या तेवढ्या काळात जीपीएलची परवानगी गेली का, ही शंका येईलच तुला. व्हर्जन ३ मध्ये यासाठी सोय आहे, पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि मालकाने कळवल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलीस तर परवानगी कायमची परत मिळते. व्हर्जन २ मध्ये अशी सवलत लिहिलेली नाही, म्हणून तिथे यादीवाल्यांना स्वतःहून कळवणं जास्त गरजेचं.

हनस्पेल हे शुद्धलेखन तपासायचं तयार इंजिन वापरतोस त्याची चिंता करू नकोस, ते तीन लायसन्सखाली मिळतं, एमपीएल, एलजीपीएल आणि जीपीएल, तीनपैकी कोणतं घेतलंस ते लिहून त्याच्या अटी पाळायच्या. एलजीपीएल निवडलंस तर ते वेगळ्या डीएलएल फाइलीत (मुख्य प्रोग्रॅमबाहेरच्या) ठेव, म्हणजे वापरणाऱ्याला हवं तर स्वतःचं हनस्पेल बदलून टाकता येईल, आणि त्याचा सोर्स कुठे मिळेल तेही दे. फॉन्ट तू 'मुक्त' नावाचा घेतलायस, मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा, तो एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. अ‍ॅपसोबत द्यायला पूर्ण मोकळीक, उद्या अ‍ॅप विकलंस तरी, फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही आणि लायसन्सची फाइल सोबत ठेवायची. नको असलेली अक्षरं काढून एखादा फॉन्ट छोटा केलास तर तो बदल धरला जातो, आणि लायसन्सच्या सुरुवातीला राखीव नाव लिहिलेलं असेल तर ते नाव तुझ्या छोट्या फॉन्टला वापरता येत नाही.

ती लायसन्स नसलेली लायब्ररी मात्र काढावी लागेल, याला इलाज नाही. गिटहबवर उघडी दिसते म्हणजे घ्यायला मोकळी असं नाही, काहीच लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क लेखकाचे. गिटहबच्या अटींनी तुला ती तिथल्या तिथे बघता येते, फोर्क करता येते, तुझ्या इन्स्टॉलरमध्ये घालून वाटता येत नाही, आणि इथे आभार मानूनही भागत नाही कारण पाळायला अटच नाहीये, परवानगीच नाहीये. लेखकाला नम्रपणे इश्यू लिहून विचार, 'तुमचं काम मला उपयोगी पडलंय, लायसन्सची फाइल घालाल का?' पुष्कळदा लोक विसरलेले असतात आणि दोन दिवसांत घालतात. तोवर पर्याय शोध.

तपासायला टूल आहेत, नोडसाठी लायसन्स-चेकर, पायथनवाल्यांना पिप-लायसन्सेस. पण ती बहुतेक वेळा पॅकेजने स्वतःबद्दल जे सांगितलं तेच वाचून दाखवतात, माइममॅजिकला त्यांनी एमआयटीच म्हटलं असतं. फाइलींच्या आत शिरून बघायचं तर स्कॅनकोड चालव, वेळ खातं पण बघतं खरं.

कोल्हापूरच्या प्रकाशकाला आजच हो म्हणायची घाई करू नकोस, दुरुस्त केलेलं व्हर्जन निघालं की दे. त्यांच्यावर काही बंधनं येतात का असं विचारलं होतंस, तर नुसतं ऑफिसात वापरण्यावर यातलं कोणतंच लायसन्स अडवत नाही, जीपीएलसुद्धा नाही, अटी लागतात त्या पुढे वाटताना. ते उद्या आपल्या लेखकांना सीडीवर किंवा लिंकने अ‍ॅप द्यायला लागले तर ते पण वाटणारे झाले, एवढं त्यांना सांगून ठेव.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण मीच विचारते. तू नोकरीत आहेस. अ‍ॅप ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलंयस का? कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्याची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची असते, आणि तुझ्या नेमणूकपत्रात त्याहून जास्तही काही लिहिलेलं असू शकतं. दुसऱ्यांची लायसन्स नीट लावायच्या आधी स्वतःच्या ओळी तुझ्याच आहेत याची खात्री कर. त्यात गुंता दिसला, किंवा प्रकाशकाशी पैशाचा व्यवहार होणार असेल, तर एकदा वकिलाला दाखव, मी वकील नाही.

आणि तो इश्यू बंद करू नकोस, उघडाच ठेव. आज रात्री त्याखाली एवढंच लिही: 'तुमचं बरोबर आहे, नोटिसा माझ्याकडून काढल्या गेल्या. जुने इन्स्टॉलर काढून टाकलेत. प्रत्येक लायब्ररीचं लायसन्स परत लावतोय, शब्दयादी कोडातून वेगळी करतोय, काम झालं की इथेच कळवतो. काही राहिलेलं दिसलं तर सांगा.' मग शनिवारी सकाळी व्हेंडर फोल्डर उघड आणि शब्दयादीपासून सुरुवात कर, कारण तिथे मेल लिहायची वेळ आली तर उत्तर यायला दिवस लागतील.